फाटकं लुगडं, मळकं लुगडं

मागल्या पावसाळ्यात मालवण तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या वाडीत आमची कथावाचनाची बैठक होती. जागा म्हणजे विहार. लाईट गेलेली. बाबासाहेबांच्या फोटोपुढं दोन मेणबत्त्या होत्या, त्यातलीच एक उचलून वाचणाऱ्याच्या हाताशी ठेवली. दहा-बारा पोरं, चार-पाच बाया, दोन म्हातारी माणसं. एका मित्रानं आपली पहिलीच गोष्ट वाचली. त्याचं नाव सांगत नाही, गोष्ट त्यानं अजून कुठं छापायला दिलेली नाही. विषय आपला नेहमीचा, पण खरा. आई दुसऱ्याच्या शेतात लावणीला जाते. संध्याकाळी मजुरीचं भात मोजताना मालक मापात मारतो. आई बोलते. दुसऱ्या दिवसापासून तिचं काम बंद. पोरगा हे सगळं बघत असतो. गोष्ट चांगली होती. संपली तरी कुणी हललं नाही.

मग मागून एक आजी बोलली. ऐंशीच्या पुढची.

"गोष्ट बरी लिवलंस, झिला. पण तुझी आवस मळकी कित्याक?"

पोरगा गडबडला. गोष्टीच्या पहिल्याच ओळीत त्यानं आईचं वर्णन केलं होतं. फाटकं मळकट लुगडं, पिंजारलेले केस, अंगाला घामाचा वास. तो म्हणाला, "आजये, गरिबी दाखवूक नको?"

"दाखव मा. आमी फाटक्या होतंव. मळक्या नाय होतंव. माका एकच लुगडा होता. व्हाळार जावन अर्धा नेसान अर्धा धुवचा, ता सुकला काय ता नेसान दुसरा धुवचा. ह्या कोण लिवतलो?"

मित्रहो, त्या बैठकीत मी अध्यक्ष म्हणून बसलो होतो. गोष्टीवर बोलायचं म्हणून चार मुद्दे कागदावर काढले होते. त्यात लुगड्याचा मुद्दा नव्हता. मलाही ते वर्णन बरोबरच वाटलं होतं. दलित आई म्हटली की मळकं लुगडं, हे माझ्याही डोक्यात कुणीतरी बसवलेलं होतं. ते कुणी बसवलं, हे शोधण्यासाठी हा लेख.

कथा कशी लिहावी हे शिकवणारे लोक एक गोष्ट हटकून सांगतात. पात्राचा स्वभाव सांगत बसू नका, त्याचे कपडे दाखवा. टोपी कशी घालतो, कॉलर कशी ठेवतो, चपलेचा अंगठा तुटला तर शिवून घेतो की खिळा मारतो. वाचक माणूस ओळखेल. मीही हा सल्ला पोरांना दिलाय. सल्ला खोटा नाही. पण तो ज्या समाजात तयार झाला तो समाज आपला नाही, एवढं सांगायचं मी विसरलो.

'श्यामची आई' घ्या. साने गुरुजींचं पुस्तक, आपल्याच कोकणातलं, दापोलीकडचं. श्याम शाळेत शिकताना मिळालेले पैसे साठवतो आणि धाकट्या भावासाठी कोट शिवून गणपतीला घरी आणतो. कोट बघितला की श्याम कळतो. घरची गरिबी, भावाची माया, आईचं वळण, सगळं त्या एका कोटात बसतं. तिकडं रशियात गोगोलनं १८४२ साली 'ओव्हरकोट' ही कथा छापली. एक कारकून पोटाला चिमटा घेऊन नवा कोट शिवतो आणि पहिल्याच रात्री चोर तो अंगावरून ओढून नेतात. तिथंही कोटातून माणूस दिसतो. दोघंही मोठे लेखक. पण दोन्ही कोटांत एक गोष्ट धरून चाललेली आहे. पैसे जमले की कोट शिवता येतो, आणि शिवला की घालता येतो. चोर आला तरी तो कोटासाठी येतो. 'तू कोट घातलासच कसा' असं विचारायला येत नाही.

आता हाच कोट आपल्या वाडीत आणा. पैसे साठले. शिंप्यानं अंगाला हात लावून माप घेतलं का? कोट घालून पोरगं गावातल्या मोठ्या घरावरून गेलं, तेव्हा पडवीतून हाक आली का? प्रेमानं आणलेल्या कोटाची गोष्ट आपल्या वाडीत मारामारीची गोष्ट होते. म्हणजे कोटातून श्याम दिसण्याआधी गाव दिसतं. आपल्या माणसाच्या अंगावरचा कपडा आधी हुकूम असतो, मग आवडनिवड. लेखकानं आधी हुकूम वाचायला शिकलं पाहिजे.

हा हुकूम लेखी आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात बावन्नावा श्लोक बघा. चांडाळांनी मढ्यावरचे कपडे वापरावेत, फुटक्या भांड्यात जेवावं, लोखंडाचे दागिने घालावेत. आपल्या पूर्वजांचं वस्त्रवर्णन आधी लिहिलं ते या माणसानं. आणि ते वर्णन नव्हतं, कायदा होता. पुढं गावगाड्यात मढ्यावरचं कापड हा महाराचा हक्क म्हणून सांगितला गेला. सक्तीला हक्काचं नाव दिलं की घेणाराही भांडून घेतो.

बाबासाहेबांनी १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये असे दाखले मांडून ठेवलेत. पेशवाईत अस्पृश्याला मनगटात किंवा गळ्यात काळा दोरा बांधावा लागे, चुकून कुणी शिवू नये म्हणून. आणि १९२८ ची इंदूरकडची गोष्ट. तिथल्या गावांतल्या सवर्णांनी बलाई लोकांना फर्मान काढलं. पुरुषांनी जरीकाठी पगडी घालायची नाही, रंगीत काठाचं धोतर नेसायचं नाही. बायांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत, नक्षीचे कपडे घालायचे नाहीत. आता मला सांगा, त्या गावातला एखादा बलाई बिनकाठाचं धोतर नेसून कथेत आला आणि लेखकानं लिहिलं, 'साध्या राहणीचा माणूस', तर त्या लेखकाला काय म्हणायचं? साधेपणा त्या माणसाचा की फर्मानाचा?

मी स्वतः वेषावरून माणूस ओळखायला शिकलो तो दशावतारात. आमच्या गावच्या जत्रेत रात्रभर दशावतार चाले. खेळ देवळापुढं, आणि आम्ही बसायचो कुंपणाबाहेर आंब्याखाली. तिथून शब्द नीट ऐकू येत नसत. वारा फिरला की एखादं वाक्य यायचं. बाकी सगळं वेषावरून. मुगुट मोठा तो राजा. तोंड रंगवून डोळे मोठे केलेला तो राक्षस. कंबर हलवत येते ती राणी, आणि ती बाई नसून बापया आहे हेही ठाऊक. पुढं बसलेल्यांना संवाद ऐकू जात होते, आम्हांला फक्त कपडे दिसत होते. अंतर ठेवलं की माणसाचे नुसते कपडेच दिसतात. हे मी तेव्हा शिकलो, समजलं फार उशिरा. मळकट लुगड्याचं वर्णन जे लेखक करतात, तेही असेच लांब बसलेले असतात. फक्त कुंपणाच्या दुसऱ्या बाजूला.

सकाळी तोच राजा पेटारा डोक्यावर घेऊन पुढच्या गावच्या वाटेला लागलेला दिसायचा. 'रात्री राजा, सकाळी कपाळावर बोजा' असं आमच्याकडं म्हणतात. वेष उतरला की माणूस दिसतो, हा दशावताराचा दुसरा धडा. पण त्या राजाला वेष उतरवता येत होता. आमच्या बायांचं गुडघ्यापर्यंतचं लुगडं पेटाऱ्यात ठेवता येत नव्हतं.

इथं १९०१ सालच्या मसूर स्टेशनावर चला. बाबासाहेब तेव्हा नऊ-दहा वर्षांचे. वडील कोरेगावला नोकरीला. भावाबरोबर आणि भाच्यांबरोबर ते साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघाले. पुढं त्यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत हे लिहून ठेवलंय. प्रवासासाठी पोरांना नवे कपडे केले होते. विलायती पद्धतीचे शर्ट, चकचकीत टोप्या, नवे बूट, रेशीमकाठी धोतरं. स्टेशनावर न्यायला कुणी आलं नाही. स्टेशनमास्तर आपणहून चौकशीला आला. कपडे बघून त्याला ही बामणाचीच पोरं वाटली. त्यानं विचारलं, तुम्ही कोण? पोरानं सरळ सांगून टाकलं, महार. मास्तरचा चेहरा पालटला आणि तो आपल्या खोलीत निघून गेला.

कपड्यातून पात्र उभं करणं म्हणजे काय, याचा माझ्या माहितीतला हा सगळ्यात मोठा धडा आहे. टोपी, बूट, धोतराचा काठ, एकेक वस्तू सांगितलीय. त्या वस्तूंनी पोरांचा स्वभाव सांगितलेला नाही. पोरांचं कौतुक कुणाला तरी होतं, वडिलांना भेटायची हौस होती, एवढं त्यातून कळतं. पण त्या कपड्यांनी खरा उघडा पडतो तो स्टेशनमास्तर. रेशीमकाठानं त्याला जवळ आणलं आणि एका शब्दानं लांब नेलं. पोरांच्या अंगावरचे कपडे तेच होते. बघणारा बदलला. म्हणून सांगतो, आपल्या कथेत कपडा लिहाल तेव्हा बघणाराही लिहा. कपडा एकाच्या अंगावर असतो आणि स्वभाव दुसऱ्याचा बाहेर पडतो.

आता महाड. २५ डिसेंबर १९२७ ला मनुस्मृती जाळली. त्याच परिषदेच्या अखेरीस बाबासाहेब बायांपुढं बोलले. आपले लोक पुस्तक जाळल्याचं सांगतात आणि लुगड्याचं भाषण विसरतात. मला ती दोन्ही एकच कृती वाटते. मढ्याचे कपडे आणि लोखंडाचे दागिने घाला असं सांगणारं पुस्तक आधी जाळलं, आणि लगेच बायांना सांगितलं की तुमची लुगडं नेसायची तऱ्हा आणि हातागळ्यातले ते कथलाचे, चांदीचे जड दागिने ही तुमच्या अस्पृश्यतेची खूण आहे, ती पुसून टाका, आणि स्वच्छ राहा. पुस्तक कागदावर जळलं होतं, ते आता अंगावरून उतरवायचं होतं. चित्रे आणि टिपणीस यांच्या घरातल्या बायांनी घोट्यापर्यंत लुगडं कसं नेसायचं ते दाखवलं, आणि बाया तशा नेसून गावी निघाल्या. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९) वाचा. चळवळीतल्या बाया त्यात स्वतः बोलतात.

आमच्या आजीनं व्हाळावर अर्धं लुगडं नेसून अर्धं धुतलं, त्याला हे एवढं मोठं मूळ आहे. ती नुसती स्वच्छतेची सवय नव्हती, चळवळीची शिस्त होती. आणि आपल्या मित्रानं पहिल्याच ओळीत ती शिस्त मातीत घातली.

त्याचा दोष मी एकट्याचा मानत नाही. प्रस्थापित साहित्यानं आपल्याला असं बघायला शिकवलं. त्यांच्या कथेत आपला माणूस आला की तो आधी फाटका, मग लाचार, मग इमानी. फाटकेपणा हाच त्याचा स्वभाव. त्याच्या फाटक्या सदऱ्याला आतून दंड कुणी घातला, दोरा कुठून आणला, हे विचारायची त्यांना गरज पडली नाही. दंड म्हणजे काय हे शहरातल्या पोरांना सांगावं लागेल. लुगडं मधे विरलं की तेवढा भाग कापून काढायचा आणि दोन चांगले तुकडे जोडून शिवायचे, त्या शिवणीला दंड म्हणतात. गुन्ह्याच्या शिक्षेलाही दंडच म्हणतात. आपल्या आयांनी दोन्ही दंड अंगावर वागवले. पण लुगड्याचा दंड त्यांनी स्वतः घातला होता. तो कसा घातलाय, सरळ की वाकडा, लुगड्याच्याच रंगाच्या दोऱ्यानं की मिळेल त्या दोऱ्यानं, निऱ्यांत लपवून की दिसेल असा, त्यात बाईचा स्वभाव आहे. फाटकेपण गावानं दिलं, दंड तिनं घातला. लेखकानं दंडाकडं बघावं.

आपल्यातल्या चांगल्या लेखकांनी हे ओळखलंय. बाबुराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा १९६३ च्या त्याच नावाच्या संग्रहात आहे. नायक रेल्वेच्या नोकरीसाठी गुजरातेत जातो आणि जात न सांगता खोली घेऊन राहतो. अंगावर जात दिसत नाही म्हणून लोक त्याला आपल्यात बसवतात, मान देतात. जात कळल्यावर तीच माणसं मारायला उठतात. मसूरच्या स्टेशनमास्तरची ही पुढची पिढी. शेजारी काशिनाथ आहे, तो जात लपवत नाही आणि जवळ सुरा बाळगतो. नीटनेटका कपडा आणि उघडा सुरा, दोन्ही एकाच भीतीला दिलेली दोन उत्तरं. बागुल कपड्यांचं लांब वर्णन करत नाहीत. बघणाऱ्यांच्या नजरा लिहितात.

दया पवारांनी 'बलुतं' (१९७८) लिहिताना आपल्यातलेच दोघं समोरासमोर बसवले. दगडू मारुती पवार सांगतो आणि दया पवार ऐकतो. म्हणजे बघणारा आपला आणि ज्याला बघायचं तोही आपला. कुंपणाबाहेरचा आंबा तिथं राहिलाच नाही. आपल्या कोकणातल्या उर्मिला पवारांच्या 'आयदान'मध्ये (२००३) आई बांबूची आयदानं विणत बसलेली आहे. त्या आईला ओळखायला लुगड्याचा रंग लागत नाही. हात पुरतात.

कपड्याचं झालं, रूपाचंही थोडं बोलू. आपल्याच जिल्ह्यातल्या वेंगुर्ल्याकडचे चिं. त्र्यं. खानोलकर. त्यांची 'चानी' ही कादंबरी, १९७७ साली व्ही. शांताराम यांनी तिच्यावर सिनेमा काढला. गोऱ्या साहेबापासून झालेली पोर, सोनेरी केस, गोरी कातडी, आणि गाव तिला जवळ करत नाही. ज्या समाजात गोरी सून शोधत फिरतात त्याच समाजात हे गोरेपण शाप ठरतं. अमेरिकेत काळ्या लेखिका टोनी मॉरिसन यांनी १९७० साली 'द ब्लूएस्ट आय' लिहिली. त्यात पिकोला नावाच्या काळ्या पोरीला निळे डोळे हवे असतात. आपल्याला निळे डोळे मिळाले तर लोक आपल्यावर प्रेम करतील असं तिला वाटतं. या दोन पोरी शेजारी बसवा. एकीला गोऱ्यांचं रूप मिळालं आणि गावानं तिला बाहेर ठेवलं. दुसरीला ते मिळालं नाही म्हणून ती आतून मोडली. रूपाचा अर्थ रूपात नाही, तो ठरवणारे वेगळेच आहेत. फरक एवढाच की मॉरिसन ठरवणाऱ्यांकडं बोट दाखवतात. खानोलकरांची नजर नशीब आणि गूढ यांच्याकडं फार वळते. त्यांची ताकद मला मान्य आहे. पण नशीब म्हटलं की गाव सुटतं.

आता आपल्या घरातलं भांडण. आपणही आपले साचे केलेत. सुटाबुटातला दलित कथेत आला की तो शेवटी वाडीला विसरणारच. निळा रुमाल बांधलेला आला की तो खराच. गांधीटोपी आली की लबाड. वाचणाऱ्याला पहिल्या पानावर शेवट कळतो. सूट म्हणजे फितुरी असेल तर बाबासाहेबांच्या सुटाचं काय करणार? बाबासाहेबांचा सूट हा त्या बावन्नाव्या श्लोकाला दिलेला जबाब आहे. म्हणून प्रत्येक सूट जबाब असतो असंही नाही. साहेब झालेला आपलाच माणूस वाडीत येऊन चटईवर बसताना पँटची इस्त्री सांभाळतो, ते मीही बघितलंय. पण मग इस्त्री सांभाळणारा हात लिहा. सुटाला शिव्या घालू नका.

माझ्या बापाचं सांगतो. बाप मुंबईला गिरणीत. मे महिन्यात गावी यायचा. अंगात टेरिलीनचा शर्ट, पँट, पायात चामड्याच्या चपला. मी एसटीवर आणायला जायचो. वाडीच्या वाटेवर एक मोठं घर लागायचं. ते घर दिसायला लागलं की बाप चपला काढून काखेत मारायचा आणि पँट दोन घड्या वर करायचा. घर मागं पडलं की परत घालायचा. मला लाज वाटायची. मुंबईचा बाप इथं आल्यावर असा का होतो? त्यावर मी पुढं गोष्टही लिहिली आणि त्यात बापाला भित्रा दाखवला. बापानं ती वाचली की नाही ठाऊक नाही. बोलला नाही.

मग एकदा आईनं सांगितलं. आजीची लावणी-कापणीची मजुरी त्याच घरची. बाप वर्षातले पंधरा दिवस गावी असायचा, आजीला बाकीचं वर्ष तिथं काढायचं होतं. चपला बाप स्वतःसाठी काढत नव्हता. आणि एका वर्षी त्यानं काढल्या नाहीत. मी बरोबर होतो. पडवीतून आवाज आला, "कोण रे तो?" बापानं चालता चालता आपलं पुरं नाव सांगितलं. बस. त्या दिवशी काही झालं नाही. पावसात आजीला लावणीचं बोलावणं आलं नाही. बापानं तिला मुंबईला नेलं आणि ती तिथल्या खोलीत कधी रमली नाही.

ही गोष्ट मला पहिल्यांदा लिहिता आली नाही, कारण मी चपला बघितल्या आणि आजीची मजुरी बघितली नाही. त्याच चपला, तोच माणूस. काखेत असताना त्यात भीती होती, हिशेब होता, आईची काळजी होती. पायात राहिल्या तेव्हा त्यात मान होता, आणि त्या मानाची किंमत दुसऱ्या कुणीतरी भरली. भित्रा आणि शूर अशी दोन लेबलं लावून मी हे सगळं घालवलं होतं.

शेवटचा कपडा पांढरा. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लोक पांढऱ्या कपड्यांत दीक्षेला आले. बाबासाहेब पांढऱ्या कपड्यांत, माईसाहेब पांढऱ्या साडीत. तेव्हापासून आपल्या बाया विहारात, मंगल प्रसंगी पांढरी साडी नेसतात. दुसऱ्या बऱ्याच मराठी कथांत बाई पांढऱ्या कपड्यात आली की ती विधवा, दुःखी, तिचं सगळं संपलेलं. आपल्या कथेत तीच साडी म्हणजे सगळं सुरू झालेलं. एक रंग, दोन समाज, दोन उलटे अर्थ. आपल्या लेखकानं पांढरी साडी लिहिली आणि कोण बघतंय ते लिहिलं नाही, तर बाहेरचा वाचक तिला विधवा समजून पुढं जाईल. म्हणून त्या साडीचा अर्थ पानाखाली टीप देऊन समजावू नका. गोष्टीतच कुणालातरी चुकू द्या.

माझी आजी दीक्षा घेऊन पहिल्यांदा पांढरं नेसून वाटेनं चालली, तेव्हा मोठ्या घरातल्या बाईनं विचारलं, "कोण मेला गो?" आजी थांबली आणि म्हणाली, "वयनीनू, म्हारीण मेली." आणि पुढं गेली. हे आमच्या घरात पन्नास वेळा सांगितलं गेलंय. साडीचं वर्णन कुणीच करत नाही. काठ कसा होता, सूत कसलं होतं, आठवत नाही. विचारणारी, उत्तर देणारी आणि मधे ती पांढरी साडी. एवढ्यात आजी पुरी उभी राहते.

तेव्हा लिहिणाऱ्या मित्रांनो, कपडा लिहायला बसाल तेव्हा मनात चार प्रश्न घाला. हा कपडा आला कुठून, विकत, मागून की मढ्यावरून? तो घालायला परवानगी कुणाची लागते? तो धुतं कोण, आणि शिवतं कोण? आणि समोरून कुणी आलं की त्या माणसाचा हात आपल्या कपड्याकडं जातो का, गेला तर काय करतो? पहिल्या दोन प्रश्नांत गाव सापडेल. पुढच्या दोनांत माणूस सापडेल. चारांचीही उत्तरं गोष्टीत लिहायलाच पाहिजेत असं नाही. तुम्हांला ठाऊक असली की वाक्य आपोआप बदलतं, 'मळकट' हा शब्द हातून सुटतच नाही.

आणि हे प्रश्न पुस्तकात बघून सुटायचे नाहीत. आपल्या वाड्यांत अजून अशा आज्या आहेत ज्यांनी अर्धं नेसून अर्धं धुतलंय. त्यांना विचारा. लुगडं कुठल्या गावच्या बाजारातून आणलं, किती वर्षं पुरवलं, फाटल्यावर त्याचं काय केलं, गोधडी की पोराचं बाळुतं? त्या गेल्या की आपल्याकडं फक्त दुसऱ्यांनी लांबून केलेली वर्णनं उरतील.

आमच्या मित्रानं दोन महिन्यांनी गोष्ट पुन्हा वाचली. सुरुवातीची ओळ काढून टाकली होती. आता गोष्ट व्हाळावर सुरू होते. आई गुडघाभर पाण्यात, अर्धं लुगडं अंगावर, अर्धं दगडावर. पलीकडच्या वाटेनं मालक जातो, आणि आई धुणं थांबवत नाही. पुढं तो मापात मारतो तेव्हा ती बोलणार, हे ऐकणाऱ्याला इथंच कळतं. म्हातारी ऐकत होती. आम्ही तिच्याकडं बघत होतो.

"आता बरा," ती म्हणाली. "पण धुवपाक दगड खयचो घेतलंस ता नीट लिव. व्हाळाच्या वरच्या अंगाचो दगड आमचो न्हय. आमी खालच्या अंगाक धुवी होतंव."

म्हणजे अजून एक दुरुस्ती आहेच. पुढच्या बैठकीला सगळ्यांनी गोष्टी घेऊन या. आयांनाही घेऊन या.

जय भीम.